उपासात डोक्यावर तूप

मगाबीत महिना, ता. ११, बुधवार

संपलं! केस सरळ करायची इस्त्री आज धाकट्या बहिणीला, एतेनेशला देऊन टाकली. नऊ वर्षं रोज सकाळी केस भाजले, आता कपाळावर नुसते तुटके काटे उभे. यापुढे देवानं दिले तसे कुरळेच. एंदालेला सांगितलं तर म्हणतो, "आई रविवारी गोंदरहून येतेय तुला बघायला. तेवढं होऊ दे, मग हो की कुरळी!"

त्याच्या आईनं हो म्हटलं, तरच तो मागणी घालायला वडीलधारी माणसं पाठवणार. आणि मला तो हवाय. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय!

मगाबीत १२

धुतले. ओले होते तोवर देखणे. वाळले आणि पिंजारले! बसमध्ये मागची बाई म्हणाली, "ताई, डोकं जरा आवरा, माझा थांबा दिसत नाही."

मगाबीत १३

एतेनेशचा सल्ला — टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या बनियननं टिपायचं. गुंता ओला असतानाच बोटांनी सोडवायचा. बाबांचा बनियन घेतला, बाबा चिडले. आई म्हणाली, "नसते उद्योग. लोणी लाव! माझ्या आईनं जन्मभर लोणीच लावलं."

ठरलं. रविवारी सकाळी लोणी, मग ऊन, मग न्हाणं. पाहुण्या चारला येणार. वेळच वेळ.

मगाबीत १४

सर्दी. नाक ठार बंद.

मगाबीत १५, रविवार

सगळं लिहिते, नाहीतर वेड लागेल.

सकाळी कामं निघाली, लोण्याचा डबा उघडायलाच दुपार झाली. बचकभर थापलं, फडकं बांधून अंगणात बसले. शेजारचं मांजर येऊन मांडीवर बसलं. एरवी ढुंकून बघत नाही! एवढ्यात आई किंचाळली, "सोस्ना! अगं, ते ईस्टरचं तूप!" लसूण, आलं, वेलची घालून कढवलेलं, कोंबडीच्या रश्श्यासाठी राखलेलं. थंडीत गोठलेलं, डबेही सारखे, आणि मला वास कुठला यायला! नळाकडे धावले — पाणी गेलेलं. आणि दारात एंदाले, आईला घेऊन. दोन तास आधी!

आस्कालेबाई. पांढरीशुभ्र ओढणी कपाळापर्यंत, हसण्याचं नाव नाही. ईस्टरआधीच्या उपासाचा बेचाळिसावा दिवस, दूध-तूप-मांसाला शिवलेल्या नाहीत. मीही डोक्यावरून ओढणी घट्ट घेतली आणि कॉफी भाजायला शेगडीपुढे बसले. ते मुलीनंच करायचं असतं. धग लागली, तूप वितळलं, मानेवरून ओघळ सुरू. घरभर रश्श्याचा दरवळ!

"या घरात उपास पाळत नाहीत वाटतं?" आस्कालेबाई म्हणाल्या. आईनं घाबरून क्रूसाची खूण केली. एंदाले चपलांकडे बघत बसला.

मी ओढणी काढली आणि सगळं सांगितलं. तूप, सर्दी, नळ, इस्त्रीसुद्धा. बाई उठल्या, जवळ आल्या. माझ्या कपाळावरचे तुटके केस बोटांनी चाचपले. रीतीप्रमाणे कॉफीचा तिसरा कप संपवून निघून गेल्या.

मेले मी.

मगाबीत १७

एंदालेचा फोन. "आई हो म्हणाली! येत्या रविवारी माणसं पाठवतो." मी नाचले. खरंच नाचले! मग म्हणाला, "इस्त्री तेवढी परत घे हं. लग्नाच्या फोटोंत असलं डोकं नको." त्याच्या आईनं डोकं डोळ्यांनी बघून हो म्हटलं होतं!

म्हटलं, माणसं पाठवू नकोस. फोन ठेवला. रडले. मग जेवले.

मगाबीत १८

आस्कालेबाईंचा फोन. मला! "त्याला नाही म्हणालीस, कळलं. ते तुमचं तुम्ही बघा. मी ईस्टरपर्यंत इथेच आहे. पोरी, तीस वर्षं मीही भाजले गं केस. ओढणी काढायची लाज वाटते. शनिवारी आले, तर माझ्याही डोक्याला लोणी लावशील?"