घरच्या पंचाचे नऊ गुण

११ ऑक्टोबर, शनिवार, अकोला

हरली नीलम! तीन-दोन. आणि हरवलं कोणी, तर अकोल्यानं नाही — आम्ही अमरावतीकरांनी!

बॉक्सिंगच्या विभागीय निवडीची फायनल होती. जिंकणारी थेट राज्य स्पर्धेला. निळ्या कोपऱ्यात आमची नीलम, बडनेऱ्याची. लाल कोपऱ्यात अकोल्याची रागिणी. रिंगभोवती आम्ही पाच पंच. तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत जी सरस तिला दहा, दुसरीला नऊ. किती सोपं! कागदावर.

पहिली फेरी नीलमची, दुसरी रागिणीची. तिसरीत नीलमनं तिला दोरापर्यंत रेटत नेलं. डावा, उजवा, पुन्हा डावा — स्वच्छ ठोसे. मला दिसले, मी काही आंधळा नाही. पण मागून एक जण ओरडला, "अमरावतीचा पंच हाय बे, आता पाहा कसे गुण देते आपल्या पोरीले!" झालं. मी रागिणीला दहा लिहिले, नीलमला नऊ.

काहून? तर मले कोणी पक्षपाती म्हणू नये म्हणून. वा रे बहाद्दर!

१२ ऑक्टोबर

निघायच्या आधी सगळ्यांच्या गुणपत्रिका पाहिल्या. अमरावतीचे आम्ही दोघं — दोघांनीही रागिणी जिंकवली. अकोल्याचे दोघं — दोघांनीही नीलम! पाचवा यवतमाळचा, म्हणजे तटस्थ. त्यानं रागिणी. मी विचारलं, कसं काय? तर म्हणे, "सर, माही सासुरवाडी अमरावती. लोक काय म्हनतीन?"

अकोल्याचे खुशालराव तर त्याहून थोर. "मी त घरूनच ठरवून आल्तो भाऊ, अमरावतीच्या पोरीले द्याचं. झंझट नाही पाहिजे."

म्हणजे पाचही जणांनी आपापलं नाव सांभाळलं. लढत पाहायला पब्लिक होतंच.

१४ ऑक्टोबर

नीलमचे वडील धर्मपाल घरी आले. रेल्वेत ट्रॅकमन आहेत, ड्यूटीवरून तसेच आले. साधनानं चहा ठेवला.

"सर, सहावीत तिले ग्लोव्हज तुमीच घालून देल्ले. तुमीच सांगा, माही पोरगी हरली का?"

उत्तर एका शब्दाचं होतं. मी अर्धा तास बोललो! दर्जेदार ठोसा कशाला म्हणायचं, वर्चस्व म्हणजे काय, नुसते हात चालवले म्हणून गुण मिळत नाहीत... माणूस मान हलवत ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, राज्याचं सर्टिफिकेट आलं असतं तर पोलीस भरतीत खेळाडू कोट्यात बसली असती पोरगी. चहा अर्धाच घेतला.

ते गेल्यावर साधना म्हणाली, "तुमी एवढं बोल्ले म्हंजे चुकलंच हाय तुमचं काहीतरी." पंचवीस वर्षं संसार केला या बाईबरोबर. चूकच झाली!

१८ ऑक्टोबर, शनिवार

आमच्या संघाच्या मॅनेजरनं फायनलच्याच दिवशी हरकत घेतली होती, तिची आज सुनावणी. समितीत कोण? खुशालराव, एक पदाधिकारी, आणि अनुभवी म्हणून — मी! माझ्या निर्णयाची चौकशी करायला मीच. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो नाही.

धर्मपालच्या मोबाइलवरचा व्हिडिओ लावला. ते नेमके माझ्या मागे बसले होते. तिसऱ्या फेरीत ना लाल दिसते ना निळी. दिसतं माझं टक्कल. खुशालराव पोट धरून हसले. पण खाली कोपऱ्यात माझा हात दिसतो. घंटा व्हायची होती, मागे नीलमच्या नावाचा गलका चालू होता, आणि माझं पेन चालून राहिलं होतं! फेरी संपायच्या आधीच गुण लिहून मोकळा. कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळे टकलाकडे पाहत होते.

मग पुढच्या वेळेसाठी सूचना. मी म्हणालो, पंचाला खेळाडूचा जिल्हाच कळू देऊ नये. खुशालराव म्हणाले, "अन् पब्लिकच्या तोंडाले पट्टी कोण लावन?" पदाधिकारी म्हणाले, सात पंच नेमू. पाच भित्रे पुरले नाहीत, आता सात!

निर्णय कायम. कारणही लिहिलं, झकास अक्षरात: खेळाडूच्या स्वतःच्याच जिल्ह्यातील पंचांनी तिच्या विरोधात गुण दिले, यावरून निर्णय निःपक्षपाती असल्याचे सिद्ध होते.

खाली माझी सही.

१९ ऑक्टोबर

काल बोलायला हवं होतं. बस.

२७ ऑक्टोबर

संघटनेचं पत्र आलं. "निःपक्षपाती कामगिरीबद्दल अभिनंदन." राज्य स्पर्धेला पंच म्हणून माझी निवड! नीलम घरी, मी राज्याला. साधनानं पत्र दोनदा वाचलं. "फ्रेम करून टांगू का? तुमच्या फोटोच्या बाजूले?"

दुपारी संघटनेला चार ओळी लिहिल्या — तिसरी फेरी नीलमची होती, मी भ्यायलो, चूक माझी. मोबाइलवर टाईपही केल्या. पाठवायला एक बोट लागतं. बोट मागे घेतलं. म्हटलं, लोक दिवाळीचे गावी गेले असतील, परत येऊ दे.

भैताड माणूस मी.

३ नोव्हेंबर

लोक परत आले. ओळी तशाच आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नीलम आली, पाठीवर बॅग. "सर, मी अकोल्याले चालली, मामाकडं, जुन्या शहरात. पुढच्या साली तिकडूनच खेळीन. तुमी पंच असान ना? असा बरं! अमरावतीचे पंच अकोल्याच्या पोरीले देतेतच." पाया पडली आणि बस पकडायला पळाली.

टोमणा असेल म्हणून मी तिचा चेहरा नीट पाहिला. टोमणा नव्हता. पोरीला खरंच वाटतं, नियमच तसा आहे.