गणपतकाकांना चूर्ण, अनुपमला अट

माझे वडील कशाने वारले? या प्रश्नाचे खरे उत्तर मला देता येत नाही, हे मी, चिन्मयी मुरलीधर ढोमणे, वय २८, शिक्षिका, राहणार रांझी, जबलपूर, सर्वांत आधी लिहून ठेवते. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे वकीलसाहेब म्हणाले. मी करते, कारण डॉक्टरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हाच होता. मी पूर्ण शुद्धीवर आहे. पुढे कोणी ‘पोरगी औषधाच्या नशेत होती’ म्हणू नये, म्हणून आज दुखण्याची गोळी मुद्दाम घेतलेली नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आला तो गप्प राहण्यासाठी.

मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे आणि तो यकृतापर्यंत गेला आहे. मूळव्याध नाही, अंगातली उष्णता नाही, आणि काका पाहुण्यांना सांगतात ते ‘गॉल ब्लॅडरचं छोटंसं ऑपरेशन’ तर नाहीच. घरातली पहिली पदवीधर मी. आजाराचे नाव तरी धड लिहीन.

१. माझी स्कूटर आई, श्रीमती इंदिरा, हिला. तिने ती चालवायला शिकावी. बाबांना नागपूरला दाखवायला नेले तेव्हा ‘बायकांचं काय काम तिथे’ म्हणून तिला घरी ठेवले. डॉक्टरांच्या खोलीत एकटे गणपतकाका गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘बवासीर आहे, बिघडली.’ म्हणजे मूळव्याध. आईने तेच आम्हाला सांगितले, मी तेच माझ्या डॉक्टरांना सांगितले.

२. काका गणपत ढोमणे यांना, कपाटाच्या खालच्या खणातला चूर्णाचा उरलेला डबा. माझ्या शौचातून रक्त जाते हे कळल्यावर त्यांनीच तो आणला होता, भिंतीवर ‘शर्तिया इलाज’ लिहिणाऱ्या वैद्याकडून. बी.एस्सी. झालेली मी वर्षभर ते बुळबुळीत पाणी प्यायले, कारण काका वडीलधारे. आता त्यांनी प्यावे. बाबांच्या नागपूरच्या कागदांबद्दल मी विचारले तेव्हा म्हणाले, ‘ते तर अस्थींसोबत ग्वारीघाटला सोडले. मेलेल्या माणसाचे कागद घरात ठेवत नाहीत.’ त्या वर्षी त्यांच्या मुलीची सोयरीक चालू होती, हे मला आईकडून कळले. म्हणजे खरे काय ते नर्मदेला ठाऊक, आणि ती माझ्या डॉक्टरांशी बोलत नाही.

३. ज्या डॉक्टरांनी ‘इस उम्र में कुछ नहीं होता, बेटा, टेन्शन कम लो’ म्हणून न तपासता लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, त्यांना माझ्या बायोप्सीच्या अहवालाची प्रत, काचेच्या चौकटीत. नाव लिहीत नाही. प्रत घरी पोहोचली की त्यांना कळेल.

४. ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर लावायच्या, न वापरलेल्या पिशव्या ज्या वॉर्डात माझे ऑपरेशन झाले तिथे द्याव्यात. त्या पाहून काकूंनी नाकाला पदर लावला होता. काकूंना काही नाही.

५. तेरवीच्या पत्रिकेत ‘अल्पशा आजाराने’ असे छापू नये. आजार अल्पसा नव्हता. अक्कल होती.

६. बाबांच्या घरातला माझा तिसरा हिस्सा धाकटा भाऊ अनुपम याला, परंतु त्याने कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, केल्यावरच. न केल्यास माझ्या हिश्श्याची खोली वस्तीतल्या मुलींना अभ्यासाला द्यावी. बहिणीला या वयात झाले, वडिलांचे माहीत नाही, तेव्हा भावाने एक दिवसही वाट पाहू नये, असे माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉ. श्रद्धा कान्हेरे यांनी त्याला समोर बसवून सांगितले आहे. त्यावर त्याचे म्हणणे असे :

‘ताई, काहून मागे लागून राहिली? मला काही होऊन नाही राहिलं ना.’

‘मलाही काही होऊन नव्हतं राहिलं, अन्या.’

‘यार, लग्न तर होऊ दे. काका म्हणतात, विनताकडच्यांना कळलं तर सोयरीक गेली.’

सव्वीस वर्षांचा माणूस कारखान्यात तोफेचे सुटे भाग तपासतो, बारीकशी चीर दिसली तरी माल परत पाठवतो. स्वतःला मात्र न बघता पास करून टाकतो.

७. सहावे कलम लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले की मृत्युपत्र मी मेल्यावर उघडणार. तोवर अनुपमच्या पोटात काही असेल तर ते काकांच्या मुहूर्तासाठी थांबणार नाही. म्हणून गेल्या रविवारी मी इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात विनताच्या घरी गेले आणि तिच्या आईवडिलांसमोर सगळे सांगितले : माझा आजार, बाबांचा न कळलेला आजार, अनुपमची भीती. तिची आई हातातला कप तसाच धरून बसली. वडील उठून व्हरांड्यात गेले.

विनताने विचारले, ‘ताई, तारीख ठरली का?’

मी म्हटले, ‘लग्नाची ना? ती आता तुम्हीच…’

‘लग्नाचं नाही विचारून राहिले. तपासणीची.’

संध्याकाळी काकांचा फोन आला. ‘नाक कापलंस तू आमचं!’

‘नाक नाही काका, आतडं कापलं. तेही माझं.’

शुक्रवारी तपासणी झाली. विनता बाहेर बाकावर बसली होती, तिचे वडीलही. अनुपमच्या आतड्यात मांसाचा एक कोंब, म्हणजे पॉलिप, निघाला. तो तिथेच काढला आणि तपासायला पाठवला. डॉक्टर म्हणाल्या, दिसायला तरी अजून साधा आहे, पण याला आता दर काही वर्षांनी यावे लागेल. अनुपम गुंगीतून जागा होऊन पहिल्यांदा बोलला तो विनताशी, माझ्याशी नाही. यातच मला सगळे मिळाले.

तरी सहाव्या कलमातील ‘परंतु’पासून ‘अभ्यासाला द्यावी’पर्यंतचा मजकूर मी आज माझ्या हाताने खोडला आहे आणि समासात सही केली आहे. अनुपमचा हिस्सा बिनशर्त.

चिन्मयी मु. ढोमणे
जबलपूर, ९ फेब्रुवारी २०२५

चिन्मयीने हे सर्व आम्हाला मोठ्याने वाचून दाखवले आणि आमच्यादेखत सही केली. आम्हीही तिच्यासमोर केली.

साक्षीदार :
१) डॉ. श्रद्धा कान्हेरे, सिव्हिल लाइन्स
२) विनता हेडाऊ, गोरखपूर