घरच्या ग्लासाची अट

मी, हेमकांत सुपडू पाटील, वय वर्षे त्रेपन्न, धंदा शेती, पूर्वी एसी दुरुस्ती, राहणार ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय आणि कोणाच्याही भरीस न पडता लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. त्याची खात्री करण्यासाठी वकीलसाहेबांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ सात मिनिटे मागे असल्याचेही सांगितले. त्यांनी ‘बुद्धी शाबूत’ असे लिहून घेतले. घड्याळाकडे मात्र पाहिले नाही.

मला कोणताही आजार नाही. तरी मी मृत्युपत्र करतोय ही बातमी गावात फुटली आणि दोन दिवसांत चार जण तब्येत विचारून गेले. चौघांनीही उठताना एकच विचारले, “मंग भाऊ, आते कवय जाशात?” म्हणजे आता कधी जाणार? ते वर जाण्याबद्दल बोलत नव्हते. मस्कतला जाण्याबद्दल बोलत होते. मी मस्कतहून कायमचा परत आलो त्याला सहा वर्षे झाली. सहा वर्षे रोज कोणीतरी मला हाच प्रश्न विचारतो. या मृत्युपत्राचे मूळ त्यात आहे, म्हणून तो सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

कलम एक. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. २००७ साली मस्कतच्या खोलीत तापाने फणफणलेला असताना बिस्किटाच्या पुड्याच्या मागच्या बाजूला मी काही मजकूर लिहिला होता. तो कोणी पुढे आणल्यास रद्दबातल समजावा. त्यात मी माझी सगळी जमीन त्या दिवशी मला पेज करून देणाऱ्या केरळच्या सोबत्याला दिली आहे. पेज उत्तम होती, पण इतकी नाही.

कलम दोन. माझ्या बँकेतल्या सर्व ठेवी माझ्या पश्चात माझी पत्नी चेतना हिच्या. तिच्यानंतर आमची मुलगी काजल हिच्या. यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. चेतनाने तो आकडा माझ्याही आधी पाठ केलेला आहे.

कलम तीन. काजलला याशिवाय माझ्या तीनही चाकवाल्या बॅगा. ती पुण्यात भाड्याच्या घरात राहते व दर अकरा महिन्यांनी घर बदलते. आमच्या खानदानात आता खरी प्रवासी तीच आहे, आणि तिला मात्र कोणी कधी जाणार म्हणून विचारत नाही.

कलम चार. माझी हत्यारांची पेटी, गॅस भरायच्या नळ्या, दोन गेज आणि जर्मन बनावटीचा पाना यासह, दिलवरसिंग पावरा, राहणार धडगाव, यास. हा धडगाव ते शहादा शेअर जीप चालवतो. मी २०१९ साली सामानासह परत आलो तेव्हा शहाद्याहून मला याच्याच जीपने आणले, आणि गावाच्या वेशीवर त्याने मला जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. मी म्हणालो होतो, “एकवीस वर्षांनी परत येतोय रे, परदेशातून.” तो म्हणाला, “पाटील, माझा भाऊ भीमसिंग दिवाळी झाली की गुजरातला ऊस तोडायला जातो, होळीला परत येतो. त्याला कोणी हार घालत नाही आणि कधी जाणार म्हणून पण कोणी विचारत नाही. मुकादम सोडून.” भाडे त्याने सगळ्यांइतकेच घेतले. परत आल्यावर मला सगळ्यांसारखे वागवणारा तो पहिला माणूस, आणि बरेच दिवस शेवटचाही.

दिलवरसिंगला साक्षीदार करायचे माझ्या मनात होते. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्ष न घातलेली बरी, नंतर भानगड नको. मी त्याला दोन्ही पर्याय सांगितले. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, “पेटी द्या. सही कोणाचीही घ्या.”

कलम पाच. मी वारल्यावर बसस्टँडवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागणार, हे मला माहीत आहे. लावावा. पण त्यावर ‘मस्कतवाले’ असे लिहू नये, आणि मागे विमान असलेला फोटो वापरू नये. तो फोटो मुंबईत विमानतळाबाहेरच्या स्टुडिओत काढलेला असून ते विमान पडद्यावर रंगवलेले आहे. गाव तो सत्तावीस वर्षे खरा मानत आले, ही माझी चूक आहे व ती मी येथे कबूल करतो.

कलम सहा. घराच्या पुढच्या खोलीतला एसी. हा मी २०११ साली सुट्टीवर आलो असता स्वतःच्या हाताने बसवला. तेव्हापासून त्यावर भरतकामाचा रुमाल असतो आणि रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. तो फक्त मी खोलीत आलो की लागतो. बाकी घर बाहेर निंबाखाली खाटा टाकून गप्पा मारते आणि मी आत एकटा गारठून बसतो, कारण माझी वहिनी शोभाबाई सगळ्यांना बजावते, “भाऊले एसीनी सवय शे.” मला एसीची सवय नाही. मी एकवीस वर्षे लोकांचे एसी दुरुस्त केले, ओमानच्या उन्हात, गच्चीवर उभा राहून. थंडी आत असायची, मी बाहेर. सदर एसी माझ्या हयातीतच काढून शाळेला द्यावा. रुमाल वहिनीकडे राहील.

कलम सात. आता मुख्य मिळकत. वाटणीपत्राने माझ्या हिश्श्याला आलेले ब्राह्मणपुरी येथील राहत्या घराचे निम्मे आणि तापीकडची पपईची शेती. घराचे दुसरे निम्मे माझा थोरला भाऊ दोधू याचे आहे. मी त्याला आबा म्हणतो. आम्ही दोघे भाऊ एकाच घरात, एकाच चुलीवर राहतो, आणि नेमके तिथेच माझे दुखणे आहे.

आमच्याकडे घरची माणसे चहा स्टीलच्या ग्लासात पितात. पाहुण्याला कपबशी. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी बघितला नाही. आबाला ग्लास. त्याचा मुलगा भाग्येश, त्यालाही ग्लास. दूधवाला दारात थांबला तरी ग्लास. शेवटची काही वर्षे माझ्यासोबत मस्कतला असलेल्या माझ्या बायकोला परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्लास मिळाला. आणि मला? सोनेरी कडेचा कप, खाली बशी, बशीत दोन बिस्किटे. सहा वर्षे, दिवसातून दोनदा. बिस्किटे मी खात नाही हे सगळ्या घराला माहीत आहे.

मी चेतनेकडे तक्रार केली. ती म्हणाली, “मी आल्या आल्या चुलीपाशी जाऊन बसले. तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसलात. आता कप आला म्हणून रडताय कशाला?” हे मत मला त्या वेळी पटले नाही.

~~सबब, माझ्या हिश्श्याचे घर व शेती माझा पुतण्या चि. भाग्येश दोधू पाटील यास मिळेल, परंतु अट अशी की माझ्या हयातीत या घरात मला एकदा तरी, मी न मागता, स्टीलच्या ग्लासात चहा मिळाला पाहिजे. तसे न झाल्यास मी या घरात शेवटपर्यंत पाहुणा होतो असे धरून, माझे निम्मे घर ग्रामपंचायतीकडे पाहुण्यांचे विश्रामगृह म्हणून द्यावे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास उरलेल्या निम्म्या घरातून सोनेरी कडेच्या कपात चहा मिळावा. बिस्किटांसह.~~

वरील परिच्छेद खोडलेला आहे. वकीलसाहेबांनी बजावले आहे की मृत्युपत्रात खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी सही करा आणि कारण लिहा. सही केली आहे. कारण पुढीलप्रमाणे.

आज सकाळी दहाच्या सुमारास मी साक्षीदारांना ओट्यावर बसवून हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवत होतो. साक्षीदार दोन. आमची शेजारीण रंजनाबाई, निवृत्त शिक्षिका, आणि गोकुळ वळवी, निवृत्त पोस्टमन. या गोकुळने माझी मस्कतची पत्रे वर्षानुवर्षे माझ्या आईला नुसती दिली नाहीत, वाचूनही दाखवली, आणि जिथे मी फार कोरडे लिहिले होते तिथे पदरची माया घातली. विश्रामगृहाच्या वाक्याला गोकुळ इतका हसला की आतली भांडी वाजायची थांबली. शोभावहिनी हात पुसत दारात आली.

“काय म्हने भाऊ? कपना काय शे?”

मी परिच्छेद पुन्हा वाचला. आवाज जरा कमी होता.

ती आत गेली. येताना तिच्या हातात तो कप होता. माझ्यापुढे धरून म्हणाली, “हाऊ कप कोन आनेल शे? तुम्हीच आनात ना मस्कतथून? सहा व्हतात. सहामाईन हाऊ एकच ऱ्हायना. मन्हा सख्खा भाऊ उना तरी त्याले मी यामा चहा देत नही. तुमले देस. आनि तुम्ही माले कागदवर चढाडी ऱ्हायनात?”

मी कप हातात घेतला. बुडाशी अरबी अक्षरे होती. २००४ सालच्या सुट्टीत आणलेला संच. मी तो पार विसरलो होतो. सहांपैकी उरलेला हा एकच कप वहिनी आपल्या सख्ख्या भावालाही न देता मला देत होती. सहा वर्षे मी स्वतःच्याच भेटीवर रुसून बसलो होतो.

तरी मी इतक्या सहज हरणारा नाही. म्हणालो, “ते ठीक, वहिनी. पण घरच्यांचे ग्लास नाव घालून आहेत. आबाचे नाव आहे, भाग्येशचे आहे. मी जाताना आईने माझ्याही नावाचा घेतला होता. तो कुठे आहे?”

वहिनी मोरीकडे बघून ओरडली, “ओ! जरा बाहेर या. गिलास लई या.”

मोरीतून आबा आला. अर्ध्या तोंडाला साबण, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात स्टीलचा ग्लास, काठोकाठ फेस. मी ग्लास फिरवून पाहिला. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते: ‘चि. हेमकांत, सन १९९८’.

“आबा, हा माझा ग्लास आहे.”

“मंग? तू गया तवयपाईन मी यामाच दाढी करस,” आबा म्हणाला. “बाकीना गिलास तुन्ही वहिनी माले देत नही.”

म्हणजे मी ओमानात होतो तेव्हाही, आणि इथे आत एसीत रुसून बसलो होतो तेव्हाही, आबा दर दोन दिवसांनी माझ्या नावात ब्रश बुडवून तोंडाला लावत होता. माझ्या तिथल्या एकवीस वर्षांत त्याने मला दोनच पत्रे लिहिली, दोन्हीत पावसाबद्दल. गोकुळ म्हणाला, “हे मला आधी माहीत असतं तर पत्रात घातलं असतं.”

“ग्लास दे,” मी म्हणालो.

“आनि मी दाढी कसामा करू?”

कलम आठ. सोनेरी कडेचा, मस्कतहून आणलेला, उरलेला एकमेव कप माझा थोरला भाऊ दोधू यास दाढीसाठी आजपासूनच देण्यात येत आहे. बशी नको म्हणाला.

कलम नऊ. कलम सातमधील घर व शेती भाग्येश यास विनाअट. चेतनेस मात्र तहहयात राहण्याचा हक्क, आणि चुलीपाशी बसायचे की नाही हे तिने ठरवायचे. भाग्येशच्या डोक्यात कॅनडा आहे. जावे. जाण्यापूर्वी त्याच्या नावाचा ग्लास फळीवर पालथा ठेवावा, व त्यात कोणीही दाढी करू नये. परत आला तर त्याने ओट्यावर बसू नये. थेट आत जावे.

आज ग्लास तीनदा घासला, तरी पहिल्या चहाला साबणाचा वास होता. मी तो पूर्ण प्यालो. मी सवयीने रिकामा ग्लास शेजारी ठेवून पुढे लिहायला घेतले, तर वहिनी म्हणाली, “भाऊ, कप मी सहा वरीस धोयी ऱ्हायनी. घरना मानूस सोताना गिलास सोता घासस.”

साक्षीदारांनी हे सर्व ऐकले, पाहिले, आणि माझ्यासमोर सह्या केल्या. सही करून रंजनाबाईने पेनाचे टोपण लावले आणि उठता उठता सवयीने विचारले, “मंग भाऊ, आते कवय जाशात?”

मी तोंड उघडण्याआधी आतून वहिनीचा आवाज आला, “कोठे जातस व माय? पहिले त्याले गिलास घासू दे.”

येणेप्रमाणे लिहिले ते खरे. पान शेवटचे किंचित ओले आहे. ते मोरीचे पाणी आहे.

लिहून ठेवणार: हेमकांत सुपडू पाटील (सही)

साक्षीदार:
१. रंजनाबाई रोहिदास पाटील, राहणार ब्राह्मणपुरी (सही)
२. गोकुळ वळवी, राहणार खांडबारा (सही. खाली स्वतःच्या मनाने ‘सर्वांनी तब्येतीची काळजी घ्यावी’ असे लिहिले आहे. राहू दिले.)

ठिकाण: ब्राह्मणपुरी, घरात, आतल्या बाजूला
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५