सानाए म्हणजे भाताचं रोप

अप्पा, तुमच्या नातीला मुलगी झाली, आणि तिचं नाव ठेवलंय सानाए. जपानी नाव आहे. त्याचा अर्थ कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही शिकवलेली देवनागरी तुम्ही गेल्यावर या घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, म्हणून निर्धास्तपणे तुम्हालाच लिहिते आहे.

मद्रासच्या कॉम्प्युटर कंपनीनं तिला तिकडे पाठवलं तेव्हा बोली एका वर्षाची होती. तिनं तिथल्याच मुलाशी लग्न केलं. सातव्या दिवशी सासूनं कुंचल्यानं कागदावर बाळाचं नाव लिहून भिंतीला लावलं, त्यांची रीतच तशी. आपलं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नाव लिहिणं राहूनच गेलं. फोनवर मी अर्थ विचारला, तर म्हणते, "लावणीला आलेलं भाताचं रोप, अम्मा. आपण नात्तु म्हणतो ना, तेच!" अय्यो! जगातली एवढी नावं सोडून उपटायच्या वस्तूचं नाव ठेवतात का कुणी पोरीला? माझी एक उपटून नेली ती पुरे नाही झाली?

ती समजावत राहिली. तिकडे म्हणे लावणीच्या वेळी शेताचा देव डोंगरावरून खाली उतरतो, पहिली रोपं त्याला वाहतात, नवे कपडे घालून मुली गात गात लावणी करतात. त्याच दिवसांत जन्मली म्हणून हे नाव. छान आहे हो, पण माझं लक्ष तिच्या आवाजाकडे. बारीक वाटला. जेवतेस ना? सासू नीट बोलते ना? रडलीस का? तेव्हापासून राजवाड्याजवळच्या आयएसडी बूथवर मी रोज जाते. मला बघितलं की बूथवाली खुर्ची पुढे ओढते.

आज पोर चिडली. "रोज रोज तेच काय विचारतेस गे अम्मा? मला राहू दे ना इथे!"

घरी येताना पापनाशमचं आपलं शेत आठवलं. मी लहान आहे. लावणी होऊन चार दिवस झालेत आणि रोपं पिवळी पडलीत. मेली की काय, या भीतीनं मी रोज सकाळी बांधाकडचं एकेक रोप उपटून मूळ बघते आणि परत चिखलात खोचते. आतलं शेत हिरवं होतं, माझी ओळ तेवढी मरते. तुम्ही मला दंडाला धरून उभं करता. "उपटलेलं रोप आधी पिवळं पडतंच गे. रोज उपटून बघशील तर मूळ धरेल कधी?" मग माझे रडतीचे पाय पाटाच्या पाण्यात धुता.

मघाशी ताटात तांदूळ पसरून सानाए लिहिलं. अजून मोडलेलं नाही.

उद्यापासून बूथवर जाणार नाही, असं तुम्हाला लिहायला बसले होते. पण तुमच्याशी खोटं कसं बोलू, अप्पा? निघतानाच बूथवालीला सांगून आले आहे, उद्या जरा लवकर उघड म्हणून.