आमच्या बोडीचा मूळ स्रोत

सोमवार, ८ डिसेंबर २०२५
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, खाडा नाही.
कॉलेजच्या लायब्ररीत माझा ‘माहिती साक्षरता’ वर्ग सुरू. तुमसरची ही पोरं मोबाईलवर दिसेल ते खरं मानतात. सव्वीस जानेवारीच्या आत त्यांना सुधारायचं. पहिल्या तासाला एकसष्ट जण आले. शेवटी सर्टिफिकेट आहे, हे मी उगाच आधी सांगितलं.
सव्वीसलाच भंडाऱ्यापलीकडच्या माझ्या गावच्या बोडीवर पाटी लागणार. हे छोटं तळं आमचे खापरपणजोबा घनश्यामबापू यांनी दोनशे वर्षांपूर्वी खोदलं, असा मजकूर. अनावरण माझ्या हस्ते. भाषणाची अकरा पानं झाली. एकही कमी करणार नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर
पाच क शिकवले: कोणी, कधी, कुठे, कशावरून, कशासाठी. संपूर्ण कल्पना माझी. चौदा जण हजर. बाकीचे धान चुरायला, म्हणजे मळणीला, गेले असणार.

शुक्रवार, १९ डिसेंबर
(सहा नोंदी राहिल्या. सर्दी.)
नमुना म्हणून बोडीची माहिती दिली. गावच्या वेबसाइटवर आहे, पेपरात आली, कॉलेजच्या २००८च्या वार्षिकांकात आहे. तीन ठिकाणी एकच गोष्ट, म्हणजे पक्की.
वार्षिकांकातला लेख माझाच. दीड पान कोरं राहत होतं आणि नागपूरचा प्रेसवाला फोनवर ओरडत होता. तासाभरात लिहून दिला. पण रक्तात असल्याशिवाय इतकं भराभर सुचतं का?
गृहपाठ दिला: आपल्या गावची एक माहिती घ्या, मुळापर्यंत जा.

सोमवार, २९ डिसेंबर
हर्षा, बी.ए. द्वितीय, आमच्याच गावची. तिनं बोडीच निवडली. अभिमान वाटला. पण म्हणते, सर, वेबसाइटनं पेपरातून घेतलं, पेपरानं वार्षिकांकातून, अन् वार्षिकांकात तुमीच लिहिलं. तुमाले कोणी सांगतलं?
मौखिक परंपरा, असं उत्तर दिलं.
तर म्हणे, कोणाच्या तोंडून?
या पिढीत आदर राहिला नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६
आज सहा जण. मागच्या तासाला मीच सांगितलं होतं की ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याला विचारा. हर्षा सरळ गावातल्या कुंताबाईकडे गेली. कुंताबाई म्हणाल्या, बोडी तं बहात्तरच्या दुष्काळात आमीच खोदली, कोन घनश्याम?
वयामुळे गोंधळ होतो, असं मी वर्गात समजावलं. हर्षा म्हणाली, त्या म्हणल्या का रुखमाले इचार.
रुखमा म्हणजे माझी आई. तुमसरला माझ्याच घरी असते, मागच्या खोलीत. तिला यातलं काय माहीत असणार! माझं शिक्षण तुमसरला मामाकडे झालं. गावच्या इतिहासावर आमचं कधी बोलणं झालेलं नाही.

रविवार, ११ जानेवारी
हर्षा घरी आली. दोन तास आईजवळ बसली, मोबाईलवर रेकॉर्डिंग करत. मी दाराआड पेपर वाचत होतो. पान उलटलं नाही.
आई सांगत होती, मी अन् कुंता संगच कामावर होतो. हा पोटात होता, सातवा महिना. टोपलंभर माती घेऊन बांधाच्या पाळीवर चढत होती मी. एकदा घसरली, तं टोपलं सोडलं अन् पोट धरलं.
हे मला कधीच माहीत नव्हतं.
हर्षानं विचारलं, आजी, सरले काहून नाही सांगतलं? आई म्हणाली, मले वाटलं, इतका शिकला, त्याले मालूमच असन.
आधी हर्षाचा राग आला. मग स्वतःची लाज वाटली. आईच्या खोलीत जाणार होतो, पण तिची जेवणाची वेळ झाली होती.

सोमवार, १२ जानेवारी
सरपंच धनंजयला फोन केला. मधला मार्ग सुचवला: प्रेरणा घनश्यामबापू, श्रम ग्रामस्थ. तो म्हणाला, सर, पोरीनं व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला, आता मी काय करू?
थोडक्यात, माझा वर्ग यशस्वी झाला. अहवालात तसं लिहीन.

सोमवार, २६ जानेवारी
पाटीवर त्रेचाळीस नावं, सगळी खोदणाऱ्यांची. आईचं तिसरं. पडदा आई आणि कुंताबाईंनी मिळून ओढला. दोघी हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. भाषण कोणी मागितलं नाही. पाहुण्यांनी मी कोण विचारलं, तर हर्षा म्हणाली, हे रुखमाआजीचे मुलगे. माझ्याकडून दुरुस्ती करण्यासारखं त्यात काही नव्हतं.
परत येताना आई गाडीत माझ्या शेजारी. भंडाऱ्यापर्यंत काय विचारायचं ते जुळवत होतो. पाचही क आठवून पाहिले, एकही बरा वाटला नाही. वरठी मागे पडल्यावर धीर केला. म्हटलं, माय, त्या दिवशी घसरलीस तेव्हा फार लागलं का ग?
पाहिलं तर काचेला डोकं टेकून झोपली होती.