सुलभाच्या नावावरचे काम

मंगळवार, १८ नोव्हेंबर. जळगाव.

सुलभा माधव चौधरी, तुला जाऊन दोन महिने झाले आणि आज आपल्या कार्यालयाने तुला सहा कामे दिली.

सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय आली आहे. ज्याचे हात रिकामे, त्याच्याकडे काम आपोआप जाते. यादीतून तुझे नाव काढणे माझ्याच्याने झाले नव्हते. साहजिकच सर्वांत रिकामी तूच.

"सर, आता तरी मॅडमचं नाव काढा ना," कार्यालयातली रूपाली म्हणाली. "बठ्ठी, सगळीच्या सगळी कामं त्यांच्याकडेच जाऊन राहिली."

पाच कामे मी इतरांना वाटली. सहावे, पिंपळनेरच्या पाणीयोजनेचा नकाशा, 'सुरू' या रकान्यात सरकलेले दिसले. कोणी सरकवले? सगळ्यांना विचारले; सगळे नाही म्हणाले. तुझा पासवर्ड तर मलाही ठाऊक नाही. मग कोणी?

अखेर तुझे नाव काढायला गेलो. पडद्यावर उत्तर आले: काम सुरू असलेल्या सदस्याचे नाव काढता येणार नाही.

मला भय वाटायला हवे होते. हायसे वाटले, हे प्रामाणिकपणे लिहितो. पिंपळनेरचा नकाशा तुझ्याकडेच राहू दिला.

सहा वाजता कार्यालयाला कुलूप लावले आणि किल्ल्या वॉचमन नानांकडे परत दिल्या.