डावीकडची खिडकी

दि. ३ फेब्रुवारी

चि. फौजदारास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तब्येत ठीक आहे, गोळ्या वेळेवर घेतो, तेव्हा तुझ्या पहिल्या पानावरची चौकशी इथेच मिटली. फोनवर मला दोन वाक्यांपुढे काही सुचत नाही, म्हणून लिहितोय.

निवृत्त होऊन चार महिने झाले. घराच्या भिंती अंगावर यायला लागल्या, तेव्हा एक दिवस आपल्याच बावीस नंबरच्या बसमध्ये जाऊन बसलो, प्रवासी म्हणून, डावीकडच्या खिडकीशी. एकतीस वर्षं त्या रस्त्यावर बस चालवली, पण मला ठाऊक होतं ते फक्त डांबर. खड्डे, सिग्नल, आडवी येणारी सायकल. बाजारातल्या दुकानांच्या वर माणसं राहतात, बाल्कनीत उभी राहून केस विंचरतात, हे मला या वयात कळलं. एकदा गाडी जोरात वळली तर माझाच पाय ब्रेक शोधायला लागला, शेजारची मुलगी हसली. आता रोज जातो. परगावी आल्यासारखं वाटतं.

तुझ्या निळ्या बॅगेची चेन अडकते म्हणाली होतीस ना? ती पाठवून दे. इथे छान दुरुस्त होते.

जपून राहा, आणि आमच्यावरची नजर जरा सैल सोड.

तुझे,
बाबा

*

दि. ११ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला आणि लगेच शंका आली. दिवसभर मी प्रवाशांच्या फाटलेल्या-हरवलेल्या सामानाचे विम्याचे दावे तपासते. खरं बोलणारा माणूस एवढं सविस्तर बोलत नाही, आणि तुम्ही तर नाहीच. सहलीहून आल्यावर काय पाहिलं विचारलं, तर रस्ता चांगला होता म्हणणारे तुम्ही. तुम्हाला एकदम बाल्कन्या कशा दिसायला लागल्या?

शेजारच्या काकू सांगत होत्या, बाबा दहाला इस्त्रीचा शर्ट घालून निघतात आणि दोनला परततात. बावीस नंबरची जाऊन-येऊन फेरी एक तास चोवीस मिनिटांची, हे ड्रायव्हरच्या मुलीला पाठ आहे. वर अर्धा तास चहाचा धरला तरी दोन तास उरतात. शेवटच्या थांब्यापाशी मोठं रुग्णालय आहे. तिथे जात असाल तर सरळ सांगा, माझ्या जिवाला घोर लावू नका.

आणि दर वेळी हातात एक बॅग असते म्हणे. आधी माळ्यावरची, मग माझं शाळेचं दप्तर. वर्षानुवर्षं गावाबाहेर न गेलेल्या माणसाला इतक्या चेना कशाला लागतात?

बॅग पाठवतेय. पण उत्तर हवं.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
फौजदार

*

दि. २० फेब्रुवारी

चि. फौजदारास,
अ. उ. आ.

रुग्णालयाची पायरीही चढलेलो नाही. तुझ्या गळ्याची शपथ घेतली असती, पण तू त्याचाही पुरावा मागशील.

उरलेल्या दोन तासांचं म्हणशील, तर हल्ली गाड्या फार उशिरा येतात. आणि मी एके ठिकाणी बसतो जरा. बसायला लाकडी स्टूल आहे. तिथून आपली बस जाताना दिसते. बाहेरून ती एवढी मोठी दिसते याची मला कल्पनाच नव्हती. मी ही चालवत होतो, याचा थोडा अभिमानही वाटला.

बॅग कुरियरने परत पाठवली आहे. दुसऱ्या खिशाची चेनही गेली होती, तीही बदलून घेतली. काकूंचं फार मनावर घेऊ नकोस.

वेळेवर जेवत जा.

तुझे,
बाबा

*

दि. १ मार्च

बाबा,

दुसऱ्या खिशाची चेन गेली नव्हती. जुन्या चेनचा तुकडा आत राहिलाय आणि त्यावर पकडीचे दात उमटलेत. असे दावे मी रोज फेटाळते. चांगली चेन तुम्ही स्वतः तोडलीत.

का तोडलीत, तेही कळलं. शिवणीच्या टोकाला तीन उलटे टाके आहेत आणि गाठ आतल्या बाजूला दडवलेली. माझ्या दप्तराला आईने असेच टाके घातले होते. दुसरं कुणी असं शिवत नाही. मी अर्धा तास त्या टाक्यांवरून बोट फिरवत बसले आणि मग मला तुमचा भयंकर राग आला.

आई घर सोडून गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. ती मावशीच्या गावी आहे, एवढंच तुम्ही सांगितलंत. तिचं नाव या घरात काढायचं नाही असं मी म्हणाले, आणि तुम्ही मान हलवलीत. मग ती तुमच्या बसच्या वाटेवर कधीपासून आहे? मी इथे नोकरीला आल्यापासून तुम्ही माझ्यामागे काय काय करत होतात? आता गाड्यांच्या उशिराचं कारण नको.

*

दि. ९ मार्च

चि. बाळ,
अ. उ. आ.

पकड माझीच.

तू नोकरीला गेलीस त्याच वर्षी ती परत आली. नऊ वर्षं झाली. शेवटून तिसरा थांबा सोडला की वळण लागतं, तिथे तिचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. पहिल्या दिवशी आरशात दिसली, शटर उघडत होती. तुला शब्द दिला होता. नाव काढायचं नाही म्हणजे बघायचंही नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. दिवसातून सहा वेळा तिच्या दारावरून गेलो, एकदाही मान वळवली नाही. तुझ्यामागे मी एवढंच केलं.

जाताना ती म्हणाली होती की, मी तिच्याकडे सिग्नलसारखा बघतो, थांबावं लागलं तरच. तेव्हा फार लागलं होतं. आता खिडकीशी बसल्यावर कळतं की ती खरं बोलत होती. मी कुणाकडेच बघितलं नाही, तुझ्याकडेही नाही.

आम्ही चेनांबद्दलच बोलतो. नुसतं जायला धीर होत नाही, म्हणून बॅग लागते. तुझी बॅग पाहून तिने एवढंच विचारलं, की हा पट्टा पोरीच्या खांद्याला काचत नाही का. मग आतून मऊ कापड लावलं.

मला तिला एक दिवस घरी जेवायला बोलवायचं आहे. पुढचं पुढे. पण शब्द तुला दिलाय, तो तूच सोडवायचास. तू नाही म्हणालीस तर मी बोलावणार नाही, आणि तुझ्यावर रागावणारही नाही.

तुझाच,
बाबा

*

दि. १८ मार्च

आईस,

मायना काय लिहावा कळेना, म्हणून एवढाच.

दुकानाचा पत्ता काकूंना शोधून काढायला लावला. बाबांनी सगळं सांगितलंय, पण मी एकाच बाजूच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. गोड बोलून त्यांना पुन्हा एकटं टाकशील, ही भीती मला आहे, ती लपवत नाही. मागच्या वेळी महिनाभर ते ताटावरून तसेच उठायचे. ते मी पाहिलंय, तू नाही.

एकच विचारायचं आहे. नऊ वर्षं त्यांची बस तुझ्या दारावरून गेली. तुला एकदाही हात करावासा वाटला नाही? खरं लिही. तुला घरी जेवायला बोलवू का, असं ते मला विचारताहेत; तुझ्या उत्तरावरून मी त्यांना काय ते कळवीन.

*

दि. २५ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं अक्षर अजून उजवीकडे कलतं. पाकीट बराच वेळ तसंच हातात धरून बसले होते.

हात रोज केला. सहाही वेळा. गिऱ्हाईक समोर असलं तरी उठून दारात यायचे. लोकांना वाटायचं, मला बस पकडायची आहे. त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. सुरुवातीला फार राग यायचा. पण वळण वाईट आहे, मागे साठ माणसं बसलेली असायची, तेव्हा समोर बघत होते तेच बरोबर होतं.

हल्ली ते स्टुलावर बसून विचारतात, की तुला कधी माझी बस दिसली होती का. मी म्हणते, कामात कुठे लक्ष असतं. कळलं तर नऊ वर्षांचं त्यांच्या मनाला लागेल, म्हणून तूही सांगू नकोस.

तुला भीती वाटते ते खरं आहे. तुला सोडून गेले, तो दोष माझाच. तू नाही म्हणालीस तरी पट्टा काचला तर बॅग पाठव.

तुझी,
आई

*

दि. ३१ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

बोलवा तिला. रविवारी मीही येते. दाढी नीट करा आणि घरातली एकही चेन तोडू नका.

मी तिला एक गोष्ट विचारली होती, तिने उत्तर पाठवलं. काय विचारलं, काय लिहिलं, ते मला विचारू नका, तिलाही नको. नऊ वर्षं तुम्ही माझ्यापासून लपवलंत. आता हे मी तुमच्यापासून लपवणार आहे, जन्मभर.

लोभ वाढता असू द्या, दोघांचाही.

तुमची,
चिमणी